भिशीत कादंबरीवर बोलशील तेव्हा

अगं, पुस्तक भिशीत नाव घातलंस हे फार बरं केलंस. महिन्याला थोडे पैसे काढायचे, जिचा नंबर लागेल तिने आपल्या पसंतीची पुस्तकं घ्यायची आणि मग ती सगळ्यांनी फिरवून वाचायची, ही रीत मला मनापासून आवडते. पण काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता. बैठकीत सगळ्या जणी एका कादंबरीचं कौतुक करत होत्या, तुला ती अर्ध्यातच नकोशी झाली होती, तरी तू "छान आहे" म्हणालीस आणि सांबारवडीची बशी पुढे सरकवलीस. वर मला विचारतेस, "ताई, काहून बोलावं आपण? आपल्याला साहित्यातलं काय कळतं?"

कळण्याचं नंतर पाहू. आधी हे बघ की सगळ्यांनी छान म्हटलेल्या त्या बैठकीतून कुणाला काय मिळालं? पुढचं पुस्तक घ्यावं की नाही, हेही कुणाला ठरवता आलं नसेल. ज्या बाईला ती कादंबरी खरोखर भिडली होती, तिलाही तिचं म्हणणं खोलात जाऊन सांगता आलं नाही, कारण समोरून कुणी काही विचारलंच नाही. तू गप्प बसलीस त्यात तुझ्याइतकंच तिचंही नुकसान झालं.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. मत देण्याआधी तू ती कशी वाचलीस ते सांग. खापरीहून बर्डीपर्यंत मेट्रोत उभ्याने वाचलीस, की पोरं झोपल्यावर, की मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर आडवी होऊन सलग? हे सांगायला संकोचू नकोस. कारण कादंबरी तुकड्यांत वाचली की वेगळी लागते. नेमाड्यांची 'हिंदू' सहाशेच्या घरातल्या पानांची आहे. ती रोज दहा-बारा पानं करत वाचली तर माणसं विसरायला होतात आणि दोष पुस्तकाला लागतो. तीच उन्हाळ्यात चार-आठ दिवस हाताशी धरून वाचली तर तिचा नायक खंडेराव बरोबर राहतो. ऐकून पुरी केली असशील तर तेही सांग, त्यात काही कमीपणा नाही. अर्धी सोडली असशील तर कुठे सोडली ते सांग. कुठल्या जागी हातातून पुस्तक खाली ठेवलं, हे सांगणारी वाचक मला शेवटपर्यंत वाचून नुसती मान डोलवणारीपेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

दुसरं जरा कठीण आहे. नाही आवडलं म्हणायचं असेल तर बोट ठेवायला पान हवं. नेमाड्यांच्याच 'कोसला'चं घे. १९६३ची कादंबरी, आजही भिशीत आली की दोन तट पडतात. काहींना पांडुरंग सांगवीकर म्हणजे बापाच्या पैशावर पुण्यात राहून सगळ्या जगाला नावं ठेवणारा पोरगा वाटतो. वाटू दे. मलाही वसतिगृहाचा भाग काही ठिकाणी लांबलाय असं वाटतं आणि मी ते म्हणते. पण मनीच्या मरणाची पानं मला चारचौघांत वाचता येत नाहीत. धाकटी बहीण गेल्यावर त्या पोराचं जे होतं, ते वाचल्यानंतर त्याच्या आधीच्या टवाळीकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. आता कुणी म्हणेल, तरीही नाही पटलं. म्हणू दे! पण तिने मनीपर्यंत वाचलेलं असावं. तिच्या अलीकडेच थांबून 'कोसला'वर निकाल देणारीला मी एवढंच म्हणेन की बाई, तुझं मत पहिल्या भागाबद्दलचं आहे, तेवढ्याचंच सांग.

मोठ्या नावाच्या पुस्तकांची भीती वाटते तुला, ते मला ठाऊक आहे. 'ययाति'ला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. मग त्यावर आपण काय बोलायचं? बोलायचं. खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली आहे. ययातीचं मन उलगडताना ते फार समजावून सांगतात, वाचकावर काही सोडत नाहीत, असं मला वाटतं. शर्मिष्ठेचा भाग मात्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी गिळायची गरज नाही.

फक्त बोलताना समोर कोण बसलंय ते बघ. तुमच्या भिशीतल्या एखाद्या काकूंना 'मृत्युंजय' लग्नात भेट आलेली असेल. सासरच्या पहिल्या वर्षात, कुणाशी मनातलं बोलण्याची सोय नसताना त्यांनी कर्ण वाचला असेल, वृषाली वाचली असेल. त्यांच्यासमोर "किती अलंकारिक लिहिलंय" एवढंच म्हणून मोकळी झालीस तर त्यांना ते आपल्या तरुणपणावर बोलल्यासारखं लागेल. आधी त्यांना विचार की कुठला भाग लक्षात राहिला, का राहिला. मग तुझं सांग. सावंतांनी १९६७ साली सहा जणांच्या तोंडून ही कथा सांगितली, त्या सहांची भाषा मला बरीचशी एकाच घाटाची वाटते. हे मत मी आदर ठेवून त्यांच्यासमोरही मांडेन. त्या रागावल्या तर रागावतील, पण त्यांचं ऐकून घेतलं असेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा शेजारी बसतील.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आपण नागपूरकर, विदर्भातल्या लेखकाचं पुस्तक निघालं की हात आखडता घेतो किंवा मग सगळंच डोक्यावर घेतो. दोन्ही टाळ. उद्धव शेळक्यांची 'धग' वाच. १९६०ची. कौतिक नावाची बाई, तिचा नवरा महादेव, जातीने शिंपी, घरात दारिद्र्य आणि त्याहून वाईट म्हणजे नवऱ्याचा नाकर्तेपणा. ही बाई संसार ओढत राहते, मोडत राहते. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं बोलतात ती आपली वऱ्हाडी. पुण्यामुंबईच्या वाचकाला तिथे क्षणभर थांबावं लागत असेल. आपल्याला लागत नाही, कारण आपल्या आजीच्या तोंडचे शब्द तिथे आहेत. मला आधी याचाच आनंद झाला होता. पण कादंबरी मोठी आहे ती बोलीमुळे नाही, हे नंतर ध्यानात येत गेलं. कौतिकची दया यावी म्हणून शेळके कुठेही गळा काढत नाहीत. तिचे हिशेब, तिची चिडचिड, मुलांवरचा तिचा जीव आणि तिची हतबलता, सगळं रोजच्या कामाच्या ओघात येतं. ती चुलीपाशी काय करतेय ते लेखक दाखवतो आणि तिचं मन तुम्हीच ओळखता. असं लिहिणं सोपं नाही. मला 'धग'मध्ये दोष काढायला सांगितला तर मी थांबते, आणि हेही प्रामाणिकपणेच सांगते.

उलट सदानंद देशमुखांची 'बारोमास' मी विदर्भाची म्हणून डोळे झाकून नाही उचलत. २००४चं साहित्य अकादमी तिला मिळालं, ते योग्यच झालं असं मला वाटतं. शिकून घरी बसलेला शेतकऱ्याचा मुलगा, कोरडवाहू शेती, घराची आतून होणारी पडझड, हे सगळं आपल्या शेजारचं आहे. पण काही ठिकाणी पात्रांच्या तोंडून लेखकाचा प्रश्न बोलायला लागतो आणि माणूस मागे राहतो. विषयाचं मोल आणि कादंबरीचं बळ या दोन बाबी वेगळ्या काढून बोलता आलं पाहिजे. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे म्हणून त्यावरचं प्रत्येक पान चांगलं, असं म्हणणं त्या दुःखालाही न्याय देणारं नाही.

आपल्याला साहित्यातलं काय कळतं, असं जे म्हणालीस ना, त्यावर तुला याच गावातली एक बाई सांगते. कुसुमावती देशपांडे. जन्म अमरावतीचा, १९०४चा. लंडनला जाऊन शिकून आल्या आणि नागपुरात मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. कवी अनिल त्यांचे यजमान. लग्नाआधीची दोघांची पत्रं 'कुसुमानिल' नावाने पुढे छापली गेली, तीही मिळाली तर वाच. पण मी सांगतेय ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा त्यांचा दोन भागांतला ग्रंथ १९५३-५४चा. आरंभीच्या, आज कुणी हातात धरणार नाही अशा कादंबऱ्यांपासून हरिभाऊ आपटे आणि तिथून आपल्या काळापर्यंत त्या वाचत आल्या. विचार कर, केवढा हा वाचनाचा व्याप! त्यात कंटाळवाणी पुस्तकं किती असतील. पण कंटाळवाणं पुस्तकही वाचायचं, ते त्या काळी का लिहिलं गेलं ते समजून घ्यायचं आणि मग त्यातलं कच्चं आणि पक्कं वेगळं करायचं, ही शिस्त त्यांनी पाळली. स्वतः कथा लिहीत होत्या, त्यामुळे लिहिणाऱ्याची अडचण त्यांना आतून माहीत होती. १९६१ला ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संमेलनं १८७८पासून भरत होती आणि अध्यक्षपदी पहिली बाई बसायला १९६१ उजाडलं. त्याच वर्षी त्या गेल्या.

मला त्यांचा अभिमान वाटतो तो पदामुळे नाही. बायकांनी कादंबऱ्या वाचायच्या त्या फावल्या वेळात, आणि मत द्यायचं ते पुरुषांनी, असा समज असलेल्या काळात आपल्या गावातली एक बाई शंभर वर्षांच्या कादंबरीवर बोलली आणि तिचं बोलणं मराठीला ऐकावं लागलं. तुझ्या-माझ्या मताला तेवढं वजन नसेल. पण आपण त्याच गावात, त्याच भाषेत वाचतोय, तर बशीमागे लपायचं कारण नाही.

आणखी एक जपायचं. पुस्तकावर बोलताना लिहिणारीच्या चारित्र्यावर घसरायचं नाही. १९३३ला 'कळ्यांचे निःश्वास' आलं, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. केवढा गदारोळ उठला! बाईच्या मनातलं आणि शरीराचं बाईनेच लिहिलं म्हणून लोक चवताळले, पण लेखन कसं उतरलंय यावर शांतपणे बोलणारे थोडे. मालतीबाई बेडेकरांना त्या नावाआड राहावं लागलं. आजही भिशीत गौरी देशपांडे किंवा कविता महाजन निघाली की चर्चा त्यांच्या नायिकांवरून थेट लेखिकेच्या घरात शिरते. तिथे तू हात धर. महाजनांची 'ब्र' नाही आवडली ना, मग त्यातली प्रफुल्ला का नाही पटली ते बोला.

गावातल्या लेखकाचं पुस्तक असलं की मात्र पेच पडतो, हे खरंय. नागपूर मोठं झालं तरी साहित्याच्या कार्यक्रमात सगळे एकमेकांना ओळखतात. विदर्भ साहित्य संघात प्रकाशन, पुढच्या रांगेत लेखिका, तिच्या मागे तू. अशा वेळी व्यासपीठावरून दोष काढायची गरज नाही. पण भिशीत ते पुस्तक आलं तर ओळख बाजूला ठेव. आशा बगे आपल्याच गावच्या. 'भूमी'ला साहित्य अकादमी मिळालं तेव्हा आपल्या घरचंच काही झाल्यासारखं वाटलं होतं. त्यांच्या लेखनाची संथ लय काहींना सोसत नाही. मला ती लय हीच त्यांची ताकद वाटते, माणसांच्या मनात काही बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्या देतात. पण तुला संथ वाटलं तर संथच म्हण.

तुमच्या भिशीत येणाऱ्या सगळ्या साधारण एकाच वळणाच्या घरांतल्या आहेत, हे मला थोडं खटकतं. महालातल्या वाड्यात वाचलेली पेशवाईवरची 'स्वामी' आणि इंदोऱ्यातल्या दलित वस्तीत वाचलेली 'स्वामी' एकच असेल का? पेशवाईकडे दोन्ही घरं एकाच ठिकाणाहून पाहत नाहीत. ते दुसऱ्या घरचं मत ऐकल्याशिवाय आपलं मत आपल्यालाच पुरतं दिसत नाही. ते ऐकायचं तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा एकदा, पुस्तकांच्या दुकानांवरची गर्दी बघ. खेड्यापाड्यांतून रेल्वेने, ट्रकने आलेली माणसं परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. मी तिथे उभी राहिले की मला या शहराचा खरा वाचक भेटतो. तिथून कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' घे, बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' घे. कादंबऱ्या नाहीत त्या, पण त्या वाचल्यावर आपल्या आवडत्या कादंबऱ्यांत कोण कधी आलंच नाही, ते दिसायला लागतं. आणि नुसती पुस्तकं आणून भागणार नाही, तिकडच्या दोघी-तिघी मैत्रिणींनाही भिशीत बोलाव.

एक वही ठेव. फार काही लिहू नकोस. पुस्तकाचं नाव, कधी वाचलं, कुठे थांबलीस, कुठलं पान पुन्हा उघडलंस, बस. दोन-चार वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हाती आलं की वही काढ. मत बदललं असेल तर भिशीत तेही सांग, लाजू नकोस. वाचणारी बाई बदलते, तिचं मतही बदलतं.

पुढच्या महिन्यात नंबर तुझा आहे म्हणालीस ना? मग 'धग' घे. नवी नाही मिळाली तर बर्डीवर जुन्या पुस्तकांत शोध, आणि दोन दिसल्या तर दोन्ही उचल. माझी कुणीतरी नेली ती परत आलीच नाही. आणि बैठक झाली की रात्री फोन कर. कौतिकबद्दल कोण काय म्हणालं ते सगळं सांग, कुणाला ती आवडली नसेल तर तिचं आधी.