पाठ लागली, तरी ह्यो उठतोय कसा?

मी सांगलीहून येत होतो. अंकलीच्या पुलावर एसटी खोळंबली होती, तेवढ्यात मोबाइलवर पावतीचा मेल आला. मग दुसरा. जयसिंगपूर स्टँडवर उतरेपर्यंत पाच झाले. घरी आलो तर पुतण्या टीव्हीपुढं मांडी घालून, हातात रिमोट घेऊन बसलेला. मला बघून म्हणाला, "काका, आणि एकच पाकीट. ह्यात नक्की निघतोय." एकूण 3,460 रुपये गेले होते आणि त्याला हवा होता तो पैलवान काही निघाला नव्हता.

खेळ कुठला, तर डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्त्यांचा. नेमका कितव्या वर्षाचा भाग ते मुद्दाम सांगत नाही, कारण चूक माझी होती. दुसरा एक गेम घ्यायचा म्हणून मी खात्याच्या वॉलेटमध्ये आधीच पैसे भरून ठेवले होते. कार्डावरून पैसे भरताना ओटीपी लागतो, पण एकदा वॉलेटमध्ये पडलेल्या पैशांना तो लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

या खेळाशी माझी ओळख जुनी. शाळेत ट्रम्प कार्डं खेळायचो. कुणाचं वजन जास्त, कुणाची छाती मोठी यावर दप्तरं विसरायचो. नंतर प्लेस्टेशन टू आलं आणि 2003 सालचा 'हिअर कम्स द पेन' आला. मुखपृष्ठावर ब्रॉक लेस्नर. गल्लीतल्या एका खोलीत तासावर पैसे देऊन आम्ही तो खेळायचो. त्यात डोकं, हात, पाय, धड असा प्रत्येक अवयव किती दुखावलाय ते दिसायचं. म्हणजे समोरच्याचा पाय धरला की पायच धरून बसायचं, हे आम्हाला त्या खेळानं शिकवलं. भारनियमनाचे दिवस होते. पट्टा जिंकायच्या ऐन वेळी लाइट जायची आणि मेमरी कार्डात काही साठवलेलं नसायचं. तरी दुसऱ्या दिवशी परत हजर.

पुढं नोकरीला लागल्यावर स्वतःचं मशीन घेतलं. पहिल्याच रात्री आबा, म्हणजे माझे वडील, मागं येऊन उभे राहिले. आबांनी तरुणपणी तालमीत माती लावलेली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "आरं, पाठ लागली की! ह्यो उठतोय कसा?"

मी सांगितलं, इथं पंच तीन मोजतो, तोवर उठलं तर चालतंय.

"मग पाठ लावायची कशाला?" थोडं थांबून निकाल दिला, "नुरा हाय ही."

आमच्या भागात आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. मैदानात तशी शंका जरी आली तरी लोक हुर्यो उडवतात. टीव्हीवरची ही कुस्ती नुराच असते, आणि आता ते कुणी लपवतही नाही. कोण जिंकणार हे लिहूनच ठेवलेलं असतं. पण खेळात नेमकं उलटं होतं. पुतण्या आणि मी रिमोट घेऊन बसलो की कोण जिंकणार हे कुणीही लिहून ठेवलेलं नसतं. टीव्हीवरचं नाटक हातात आल्यावर निकाली कुस्ती होतं. या खेळाचं खरं बळ हे आहे. चेहरे किती हुबेहूब, घाम किती चमकतो, असल्या गोष्टी त्याच्यानंतर.

आणि कुस्ती बरीच जमलेली आहे, हे मान्य करायला हवं. या मालिकेच्या 2के15 या भागात सुरुवातीला दोघं एकमेकांना भिडून पकड शोधतात असा प्रकार आणला. आबांनी तेवढ्याला मान हलवली. त्यांच्या लेखी ती खडाखडी होती. 2के22 पासून मारांची साखळी लावता येते आणि समोरच्यानं पुढचा मार कुठला हे ओळखून तेच बटण दाबलं तर ती मधेच तुटते. म्हणजे नुसती बटणं बडवून भागत नाही, गड्याची सवय वाचावी लागते. जॉन सीना समोरच्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकतो, तो डाव बघून तर आबा म्हणाले, "ही कलाजंगच की, जरा नाटकी." 2के23 मध्ये याच सीनाच्या गाजलेल्या कुस्त्या खेळायला दिल्या होत्या, पण आपण सीना नसतो, त्याला ज्यांनी पाडलं ते आपण असतो. स्वतःच्या पराभवांचं प्रदर्शन मांडणारा पैलवान मी आमच्या भागात पाहिलेला नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी घालवला तो स्वतःचा पैलवान बनवण्यात. नाक, कपाळ, पाठीचा बाक, चाल, सगळं ठरवता येतं. मी आबा बनवले, पंचविशीतले, कपाटातल्या जुन्या फोटोवरून. मग आखाडा. मैदानाचा रंग बदलता येतो म्हणून मातीचा तांबडा रंग दिला आणि खासबागेसारखं काही जमतंय का बघू लागलो. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, 1912 साली ते उभं राहिलं. मधला हौद आणि भोवतीनं चढत गेलेली बैठक अशी की शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. (आमचं जयसिंगपूर वसवलं तेही महाराजांनीच, वडिलांचं नाव देऊन, एका सरळ रेषेतल्या नंबरच्या गल्ल्या अजून तशाच आहेत.) माती झाली, गर्दी झाली, पण रिंगचे दोर काही जाईनात. आबा म्हणाले, "मैदानाला दोर कशाला? माणसं असत्यात की."

आता दुसरी बाजू. 2के20 हा भाग 22 ऑक्टोबर 2019 ला आला, दिवाळीच्या तोंडावर. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं शिरोळ तालुका झोपवला होता. आमच्या घरात पाहुणे, त्यांची जनावरं, ओले कागद. गेम घ्यायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. वाचलो म्हणायचं. कारण तो भाग इतका कच्चा बाहेर पडला की पैलवानांचे हातपाय एकमेकांतून आरपार जात, केस हवेत तरंगत, चेहरे ओळखू येत नसत. 1 जानेवारी 2020 ला तर तो अनेकांच्या मशीनवर चालेचना. लोकांनी घड्याळ मागं नेऊन 2019 केलं तेव्हा सुरू झाला. झालं होतं असं, की 2000 सालापासून ही मालिका घडवणारी युक्स ही जपानी कंपनी बाजूला झाली आणि सगळा भार व्हिज्युअल कन्सेप्ट्स या दुसऱ्या कंपनीवर आला. वस्ताद बदलला, पण मैदानाची तारीख बदलली नाही. पुढच्या वर्षी या मालिकेचा मुख्य भाग आलाच नाही, आणि 2के22 थेट मार्च 2022 मध्ये आला, तो बराच सावरलेला. म्हणून सांगतो, दरवर्षी निघणारा खेळ पहिल्या आठवड्यात कधीच घेऊ नका. तीन-चार महिने थांबा. दुरुस्त्याही येतात आणि किंमतही उतरते. एक वर्ष मधे सोडून घेतला तरी काही बिघडत नाही. दोन लागोपाठच्या भागांत फरक पुष्कळदा आवरणाचाच असतो.

जुना भाग स्वस्तात घेणाऱ्यांनी मात्र एक बघावं. काही वर्षांनी कंपनी जुन्या भागाचं ऑनलाइन बंद करते. मग लोकांनी बनवून ठेवलेले पैलवान उतरवून घेता येत नाहीत, बाहेरच्या कुणाशी खेळता येत नाही. घरात दोघांनी खेळायचं असेल तर काही अडत नाही. कॉम्प्युटरवर घेणार असाल तर आधी जागा मोजा. 2के24 ला 90 जीबी लागतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवायला बसणं म्हणजे मोटेनं तलाव उपसणं. यादीत नाव असलेला पैलवान खेळ बाजारात येईपर्यंत कंपनी सोडून गेलेला असतो, असंही होतं. समालोचन तर दहाव्या कुस्तीनंतर पाठ होतं. आवाज बंद करून हलगीची रेकॉर्ड लावा, मी तेच करतो.

पण हे सगळं सोसण्यासारखं आहे. सोसू नये ते त्या पाकिटांचं. आजकालच्या भागांत पत्त्यांचा एक प्रकार असतो: पाकीट फोडायचं, आत पैलवानांचे पत्ते निघतात, ज्याचा पत्ता भारी त्याचा संघ भारी. खेळून खेळून पाकिटं मिळतात, पण सावकाश. पैसे मोजले की लगेच. त्यात काय निघेल ते नशिबावर. पुतण्याला वाटत होतं तो कुस्ती खेळतोय. प्रत्यक्षात त्या प्रकारात निकाल बराचसा रिंगमध्ये उतरायच्या आधीच लागलेला असतो, कुणी किती पैसे घातले त्यावर. आबांचा शब्द मला तेव्हा पटला. टीव्हीवरून हातात येताना जी नुरा गळून पडली होती, ती या दारानं परत आत आली होती.

मी पुतण्याला ओरडलो नाही, निदान फार नाही. पावत्या त्याच्यापुढं मांडल्या आणि त्यालाच बेरीज करायला लावली. मग मशीनवर त्याचं वेगळं, लहान मुलांचं खातं काढलं. त्यात खर्चाची मर्यादा घालता येते. मी शून्य घातली. माझ्या खात्यावर खरेदी करताना पासवर्ड मागावा असं सेटिंग असतं, ते चालू केलं. वॉलेटमध्ये आता पैसे ठेवत नाही. जे घ्यायचं त्याच दिवशी तेवढेच भरतो. पत्त्यांचा प्रकार सोडून बाकी सगळं तो खेळतो, आणि खरं सांगायचं तर बाकीचंच जास्त चांगलं आहे.

घरात असं मशीन असेल आणि मुलं ते हाताळत असतील, तर मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी ही दोन सेटिंगं तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.