दुकानातून, भाच्यास

चि. अमोघ यास,


परवा दुकानात येऊन झोपेच्या गोळ्या मागितल्यास. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटल्यावर आतल्या खोक्यावर बसून खरं ते सांगितलंस. पहाटे चारपर्यंत मोबाईल, अनोळखी लोकांच्या भेटी, त्यात गेलेली फी, दोनदा बुडालेली परीक्षा आणि दर वेळी ‘हे शेवटचं’. काउंटरवर गिऱ्हाईक होतं, म्हणून मी गप्प बसलो.

इच्छा होणं हा आजार नव्हे, हस्तमैथुनही नव्हे. र. धों. कर्व्यांनी हेच सांगायला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं 1927 साली, तरी स्टेशनबाहेरच्या भिंतींवर अजून ‘गुप्तरोग’वाल्यांचीच रंगरंगोटी आहे. त्यांच्याकडे जाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11मध्ये मात्र तुझ्यासारख्या त्रासाला नाव आहे, आवेग न आवरण्याच्या विकारांत. सहा महिने किंवा जास्त काळ आवर न राहणं, मजा उरली नाही तरी तेच करत राहणं, अभ्यास-नात्यांची वाताहत. नुसतं ‘पाप केलं’ वाटतंय एवढ्यावरून निदान करू नये, असंही तिथे म्हटलंय. तुझं काय, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

आमच्या गिऱ्हाइकांत कंपवाताचे एक आजोबा होते. त्यावरची प्रामिपेक्सोलची गोळी सुरू झाली आणि सज्जन माणूस असा वागू लागला की सून माहेरी निघाली. मुलाने धीर करून डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी ती गोळी हळूहळू बंद केली आणि आजोबा पूर्ववत झाले. तेव्हापासून अशा माणसाला ‘चवचाल’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खास या विकारासाठी मंजूर झालेलं औषध नाही. डॉक्टर बहुधा सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन अशी नैराश्यावरची गोळी देतात, कधी दारू सोडवायला वापरतात ते नाल्ट्रेक्सोन. त्यासाठी यकृत तपासतात. गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला मळमळेल. मनाने बंद करू नकोस. गोळीने ओढ बोथट होते, पण एकटं वाटलं की करायचं काय, हे गोळी शिकवत नाही. ते सीबीटीत, म्हणजे विचार-वर्तन बदलायच्या उपचारात शिकायचं. तिथे वही घालायला सांगतात: किती वाजले होते, आधी काय घडलं. तू बोलता बोलता म्हणालास, बाबांचा फोन झाला की हे हमखास होतं. ती वहीतली पहिली नोंद समज. मधे घसरशील, तेही डॉक्टरांपासून लपवू नकोस.

सिव्हिलमध्ये एचआयव्हीची तपासणी फुकट होते, ती करून घे.

झोपेच्या गोळ्या नेमक्या कशाला हव्या होत्या, हे विचारायचं मी टाळलं. चुकलंच माझं. आता विचारतो, जिवाचं काही मनात होतं का? असेल तर डॉक्टरांच्या भेटीची वाट पाहू नकोस. रात्री कितीही वाजता मला उठव, नाहीतर टेलि-मानस हेल्पलाइनच्या 14416वर बोल.

मानसोपचारतज्ज्ञांची शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. मी बरोबर येईन, पण बाहेर बाकावर बसेन. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझा,
मामा