मनालीजवळच्या भृगू तळ्याच्या अलीकडून मागे फिरलो ते बरोबरच होतं

“ताई, थकवा आहे हा. गूळ-शेंगदाणे द्या, सकाळी ठणठणीत होईल.” एवढं बोलून ट्रेकचा लीडर जेवणाच्या तंबूत गेला. माझी भाची संध्याकाळपासून ओकत होती, डोकं धरून बसली होती, आणि तिकडे उद्याच्या फोटोंच्या गप्पा रंगल्या होत्या.

उजाडायच्या आधी तिला बाहेर काढलं आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ती कलंडली. माझ्या पोटात गोळाच आला. डोकेदुखी, मळमळ हा उंचीचा नेहमीचा त्रास. पण तोल जाऊ लागला की मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची आणि तडक खाली उतरायचं. लीडर म्हणाला, “तळं दोन तासांवर आलंय, सगळ्यांनी पैसे भरलेत, गाइड देता येणार नाही.” शेवटी खेचरवाला आमच्यासोबत उतरला. ट्रेक सुरू झाला त्या गुलाबापर्यंत पोचेतो पोरगी स्वतःहून चहा मागत होती. ग्रुपवर मात्र लीडरने लिहिलं, “दोघींचा स्टॅमिना कमी पडला.”

स्टॅमिनाचा इथे संबंधच नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, भृगू ४,२०० च्या वर. सह्याद्रीत कितीही चढलात तरी विरळ हवेची सवय होत नाही. मनाली २,०५० मीटरवर. तिथे एक रात्र काढून दुसऱ्याच रात्री साडेतीन हजारांच्या वर झोपवतात, कारण शनिवार-रविवारात बसवायचं असतं! ३,००० मीटरनंतर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. म्हणजे रजा एक-दोन दिवस जास्त काढा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि गोळी घेतली म्हणून घाईने चढू नका.

ऑक्टोबरअखेर जाणार असाल तर साडेपाचलाच सूर्य जातो, मग पाणी गोठतं. बर्फ वरून धरतो, म्हणून बाटली उलटी ठेवा. पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा; एकदा आत गोठला की त्यावर भरवसा नाही. भाड्याच्या स्लीपिंग बॅगेवरचा तापमानाचा आकडा बहुतेकदा कसाबसा तग धरण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नव्हे. गरम कपडे, टोपी, मोजे हवेतच.

आणि पैसे भरण्याआधी लेखी विचारा: कोणी आजारी पडलं तर खाली सोबत कोण येणार? उत्तरात गाइडचं नाव नसेल तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नका. खेचरवाल्याला मी माझ्या खिशातून पैसे दिले. ते तरी परत द्या, असं लीडरला कळवलंय. अजून उत्तर नाही.