रिकामें जाळें आणि भरलेलें जाळें

पाठ : लूक ५:१-११. सोबत योहान २१:१-१४ व फिलिप्पै ३:४-११ हेही उतारे वाचावे.



हर्णै किंवा जयगड येथील किनाऱ्यावर ज्यांचा जन्म गेला, त्यांस ह्या पाठाचा आरंभ समजावून सांगावयास नको. रात्रभर श्रम करून कांहींएक हातीं न लागलेला मनुष्य सकाळीं जाळें धूत बसला आहे. जाळें रिकामें आलें तरी त्यांतील चिखल व शेवाळ काढावेंच लागतें. लाभ नाहीं, पण काम सुटत नाहीं. तेथें दोन मचवे होते. त्यांतून प्रभूनें ह्या हिरमुसलेल्या शिमोनाचाच मचवा मागून घेतला.

हा पाठ शिकवितांना आपण बहुधा माशांच्या राशीपाशीं थांबतों, आणि निष्फळ रात्रीनंतर सफळ सकाळ आली तसें तुमचेंही होईल, असें मंडळीस सांगतों. मला हें सांगणें अपुरें वाटतें. मासे मिळाल्यावर पेत्रानें आनंदोत्सव केला नाहीं. तो येशूच्या पायांशीं पडला व आपलें पापीपण कबूल करूं लागला. नंतर ११ व्या वचनांत तो व त्याचे सोबती सर्व सोडून गेले. सोडिलें तें काय? रिकामें जाळें नव्हे. दोन्ही मचवे बुडूं लागतील इतका माल किनाऱ्यास लागला, तेव्हां त्यांनीं तो सोडिला. अपयश आलें म्हणून धंदा टाकणारे पुष्कळ असतात. त्यास कोणी त्याग म्हणत नाहीं. रात्रीनें पेत्राचा स्वतःच्या कसबावरील भरंवसा मोडला होता, म्हणून सकाळचें यश त्यास बांधून ठेवूं शकलें नाहीं.

ह्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. करजगांव येथें १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक ह्यांनीं ख्रिस्ती होण्यापूर्वीं स्वतःच एक नवा धर्म स्थापण्याचें योजिलें होतें. तो मनोरथ ढांसळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आप्त, मान व पत्नीचा सहवास एकदम अंतरला. हें झालें रिकामें जाळें. पुढें नगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें ते पाळक झाले, ज्ञानोदयाचे संपादक झाले, त्यांचीं भजनें खेडोपाडीं गाइलीं जाऊं लागलीं. असें जाळें भरलें असतां १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडिला व साताऱ्यास "देवाचा दरबार" उभारिला. दोन वर्षें पुरतीं झालीं नाहींत तोंच, ९ मे १९१९ रोजीं, ते प्रभूकडे गेले. दरबार त्यांच्या इच्छेप्रमाणें वाढला नाहीं, आणि "ख्रिस्तायन" हें काव्य अपुरेंच राहिलें.

परंतु माझ्या मतें त्या घरांतील अधिक कठीण सोडणें लक्ष्मीबाईंचें होय. टिळकांनीं आपला मार्ग स्वतः निवडिला. बाईंवर तो येऊन कोसळला. चारपांच वर्षें वियोगांत गेलीं. मग पतीकडे आल्यावरही त्यांनीं आपलें सोंवळें निराळें चालू ठेविलें, व तें हळूहळू, स्वतः विचार करून सोडिलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपदेशकांनीं येथें क्षणभर थांबावें. पेरणी केल्याच्या महिन्यांतच कापणी मागणारे आपण! टिळकांस वर्षानुवर्षें थांबावें लागलें, तेंही स्वतःच्या घरांत. ज्या स्त्रीनें लग्नानंतर नवऱ्यापाशीं वाचावयास शिकावें, तिनेंच पतीच्या मागें "ख्रिस्तायना"चा बहुतेक भाग लिहिला. त्या १९३६ सालीं वारल्या. ग्रंथ १९३८ सालीं छापून निघाला, म्हणजे दोघांपैकीं कोणासही तो पुरा झालेला हातीं घ्यावयास मिळाला नाहीं.

बाणकोटची गोष्टही थोडक्यांत सांगतों. १८२३ सालीं स्कॉटलंडाहून आलेले डोनल्ड मिचेल त्याच वर्षीं मरण पावले, व पुढें तें ठाणेंही सुटलें. पण डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मराठी शिकले ते ह्याच किनाऱ्यावर, आणि ती भाषा घेऊन ते मुंबईस गेले.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवची शाळा बंद पडली असेल, प्रार्थनेस चारच माणसें येत असतील. तेव्हां आपणांस दुःख कशाचें होतें, प्रभूचें काम थांबल्याचें कीं आपलें नांव मागें पडल्याचें? हा प्रश्न सभेंत विचारूं नये. घरीं, दार लावून विचारावा. पौलानें फिलिप्पैकरांस जी यादी लिहिली आहे तींत त्याचे दोष नाहींत, त्याच्या भूषणांचीच ती यादी आहे.

पुढील सभेंत योहान २१ घ्यावा. हाच पेत्र पुन्हा जाळें घेऊन गेला आहे, आणि पुन्हा रात्र रिकामी गेली आहे. सोडणें एकदांच करून भागलें नाहीं. किनाऱ्यास लागल्यावर त्यांस कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी व भाकर दिसली. ती मासळी पेत्राच्या जाळ्यांतली नव्हती. शिकविणारानें ९ वें वचन मंडळीकडून दोनदां मोठ्यानें वाचून घ्यावें.