डीबगचा मजकूर: गरजेला चालू, एरवी बंद

बग शोधताना कोडमध्ये जागोजागी प्रिंट टाकले जातात आणि बग सापडला की पुसले जातात. काही महिन्यांनी तोच भाग पुन्हा बिघडतो, आणि तेच प्रिंट नव्याने लिहावे लागतात. म्हणून ते पुसू नयेत. प्रोग्राममध्येच ठेवावेत, फक्त एरवी बंद असावेत.

चालू करण्याची सोय मात्र कोडबाहेर हवी. सी भाषेत असा मजकूर ‘इफडेफ’मध्ये घालण्याची जुनी रीत आहे. तिच्यात प्रोग्राम नव्याने कंपाइल करावा लागतो, आणि बिघाड होतो ग्राहकाच्या मशीनवर, जिथे बहुधा कंपायलरच नसतो. शिवाय बंद भाग कंपायलर तपासत नाही. व्हेरिएबलची नावे बदलत जातात आणि ऐन वेळी तो भाग कंपाइलच होत नाही. कमांडचा फ्लॅग किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल केव्हाही बरे. एसएसएचला ‘व्ही’ हा फ्लॅग तीनदापर्यंत देता येतो, दर खेपेला तपशील वाढतो. पायथॉनच्या लॉगिंग मॉड्यूलमध्ये डीबगची पातळी १०, तर वॉर्निंगची ३०. काही न सांगितल्यास ३०च्या खालचे काहीच छापले जात नाही.

हा मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर कधीच सोडू नये. एका प्रोग्रामचे आउटपुट पाइपमधून दुसऱ्याकडे जात असेल, तर डीबगच्या ओळी डेटात मिसळतात आणि दुसराच प्रोग्राम बिघडल्यासारखा दिसतो. त्यासाठी स्टँडर्ड एरर आहे.

याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, आणि नवख्यांचे दिवसच्या दिवस खाणारे आहे. सीमधले स्टँडर्ड आउटपुट फाइलकडे वळवले की मजकूर आधी बफरमध्ये साठतो. प्रोग्राम क्रॅश झाला की बफरमधल्या ओळी हरवतात. शेवटची दिसणारी ओळ पाहून ‘इथवर ठीक होते’ असे वाटते, प्रत्यक्षात प्रोग्राम बराच पुढे जाऊन पडलेला असतो, आणि शोध भलत्याच फंक्शनमध्ये चालू राहतो. स्टँडर्ड एररला सहसा असा बफर नसतो.

डीबग बंद असले म्हणजे खर्च शून्य, असेही नाही. लॉगच्या कॉलमध्ये एखादे जड फंक्शन लिहिले असेल, तर ओळ छापली नाही तरी ते चालतेच. पातळी आधी तपासावी. उलट, डीबग चालू केल्यावर थ्रेडची वेळ बदलून बग नाहीसा झाला, तर शंका वेळेवर अवलंबून असलेल्या चुकीचीच घ्यावी.

सर्वांत जपायचे ते लोकांच्या गुपितांना. मे २०१८मध्ये ट्विटरने जाहीर केले, की एका बगमुळे पासवर्ड हॅश होण्यापूर्वीच अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते; सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करायला सांगावे लागले. संपूर्ण रिक्वेस्ट छापणारी एक ओळही यासाठी पुरते. म्हणून काय छापायचे त्या फील्डची नावे ठरवून द्यावीत, पासवर्ड आणि टोकन झाकावेत, आणि लॉगची फाइल वाचण्याची परवानगी मोजक्यांनाच ठेवावी.