मेंदूतील मदतनीस पेशी का फुगतात?

दोन वाट्या घ्या. एकीत साधे पाणी व दुसरीत साखरेचा घट्ट पाक घाला. दोन्हींत चार-चार बेदाणे टाकून काही तासांनी पाहा. पाण्यातील बेदाणे टम्म फुगलेले दिसतील. पाकातील तसे फुगणार नाहीत. बेदाण्याच्या आत साखर पुष्कळ असते. विरघळलेले कण जिकडे जास्त, तिकडे पातळ पडद्यातून पाणी जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. हाच नियम आपल्या मेंदूतही चालतो आणि कधीकधी जिवावर बेततो. तो कसा, ते पाहू.

मेंदू म्हटला की आपल्याला चेतापेशी आठवतात. परंतु त्यांच्याभोवती आधारपेशीही असतात. जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ साली त्यांना 'न्यूरोग्लिया', म्हणजे चेतापेशींचा गोंद, असे नाव दिले. त्यांपैकी चांदणीच्या आकाराच्या पेशींना आपण तारकापेशी म्हणू. त्यांचे काम मात्र गोंदापुरते नाही.

एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या रूपाने. मेंदूत ग्लूटामेट हे असे प्रमुख निरोप्या रसायन आहे. दोन पेशींमधल्या अतिसूक्ष्म फटीत ते सोडले जाते. निरोप पोचल्यावर ते तेथून हलवावेच लागते, नाहीतर पुढची पेशी सतत उत्तेजित राहून अखेर मरूही शकते. ही सफाई मुख्यतः तारकापेशी करतात. त्या ग्लूटामेट आत घेतात, त्याचे ग्लूटामिन बनवतात आणि ते चेतापेशींना परत देतात.

आता हिशेब पाहा. ग्लूटामेटच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे ३ आयन तारकापेशीत शिरतात. शिवाय चेतापेशी काम करू लागल्या की त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर पडते. बाहेरच्या द्रवात ते एरवी लिटरला सुमारे ३ मिलिमोल असते. तीव्र कामाच्या वेळी ते १० ते १२ पर्यंत चढू शकते. हे जादा पोटॅशियमही तारकापेशीच उचलतात. आत कण वाढले की पाणी मागोमाग येते आणि पेशी किंचित फुगते. पाणी आत येण्यासाठी तिच्या आवरणात ॲक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या असतात. अशा जलनलिकांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी मेंदूत आवरणातील पंप सोडियम बाहेर टाकतो आणि सूज ओसरते.

पण पंपाला ऊर्जा लागते. रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर काही मिनिटांतच तेथील पंप बंद पडू लागतात. चेतापेशींतून ग्लूटामेट व पोटॅशियम भसाभसा बाहेर येते. तारकापेशी फुगत जातात, आणि अति फुगलेल्या पेशी आपल्याजवळचे ग्लूटामेटच बाहेर सोडू लागतात! सफाई करणाराच कचरा टाकू लागला, तर काय होईल? आणखी चेतापेशी मरतात. त्यातच कवटी हाडाची. ती ताणली जात नाही. सुजलेला मेंदू आतल्या आत दाबला जातो. ॲक्वापोरिन-४ नसलेल्या उंदरांत अशी सूज कमी येते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

म्हणूनच पक्षाघातात वेळ मोलाचा असतो. एकाएकी चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर 'थोडे पडून राहू दे' असे म्हणू नका. रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आता शेवटचा प्रयोग. पाण्यात फुगलेले बेदाणे पाकात टाकून ठेवा. ते हळूहळू आक्रसतील, कारण आता बाहेर कण जास्त आहेत. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डॉक्टर शिरेतून मॅनिटॉलचे दाट द्रावण देतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मग सांगा पाहू, मॅनिटॉल रक्तातच राहून मेंदूच्या पेशींत सहज शिरत नाही, हे का आवश्यक आहे?