दुखायचं थांबलं की जपा

गुडघा सुजलेला असतो तेव्हा कुणी धावायला जात नाही, तो जाऊच देत नाही. धोका पुढं असतो. सूज उतरते, लंगडणं जातं, जिना सरसर चढता येतो आणि मैत्रिणी म्हणायला लागतात, "आता काय झालंय तुला? चल की." माझ्या गुडघ्याची दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली, नवी बसवली आणि मी परत मैदानात आले, त्या सगळ्यात नाजूक काळ हाच होता. शस्त्रक्रियेची भीती सगळे घालतात. या काळाची कुणी घातली नव्हती.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या जिंतुरात पहाटे येलदरीच्या किंवा परभणीच्या रस्त्याला निघालात की भरतीची पोरं-पोरी धावताना भेटतील. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि चार किलोचा गोळा. मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. 800 मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस. या आकड्यांभोवती आमची वयाची काही वर्षं जातात. मी त्यातलीच, शिवाय कबड्डी खेळणारी. एका सामन्यात चढाई करून परतताना कोपऱ्यातल्या पोरीचा हात चुकवायला उडी मारली, एका पायावर उतरले आणि गुडघा आत वळला. 'कट्ट' असा आवाज आला. धक्का कुणाचाच नव्हता. पुढं कळलं की ही दुखापत बहुतेक वेळा अशीच होते: वळताना, थांबताना, उडीवरून उतरताना. आणि तोच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये तिचं प्रमाण निदान दुप्पट आहे.

घरी आल्यावर जे सगळीकडं होतं तेच झालं. हळद-चुन्याचा लेप लागला. शेजारच्या आजींनी चोळून देणाऱ्याचं नाव सांगितलं. एका दवाखान्यात एक्स-रे निघाला, "हाड शाबूत आहे, काही नाही झालं," म्हणून गोळ्या मिळाल्या. इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा. एक्स-रेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही. आवाज येऊन गुडघा काही तासांतच टम्म फुगला असेल, चालताना तो निसटल्यासारखा वाटत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांनी हातानं तपासायलाच हवं. गरज असेल तर ते एमआरआय सांगतात. सुजलेला गुडघा चोळून घेऊ नका. लेपानं त्वचा भाजते, एवढाच त्याचा परिणाम मी पाहिला. माझ्या एमआरआयमध्ये पुढची तिरपी दोरी, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, पूर्ण तुटलेली निघाली.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. बैठं काम असेल, गुडघा निसटत नसेल तर नुसत्या व्यायामावर चालणारी माणसं आहेत. कबड्डी, कुस्ती, भरती असे वळण्या-उड्यांचे उद्योग असतील तर बहुधा करतात. माझी केली. मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा काढून तिची दोरी करून आत बसवली. खर्चासाठी आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले योजनेत काय बसतं, कुठं बसतं, कोणती कागदं लागतात हे तो सांगतो. गावातल्या ऐकीव माहितीवर कर्ज काढू नका.

आता मधला एक भाग, ज्यात मी बरंच गमावलं. दुखापत आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये काही आठवडे गेले. घरच्यांनी प्रेमानं खाटेवर बसवून ठेवलं. पाणी हातात, ताट हातात. "माय, पाय हलवू नको, लेकराचा पाय कायमचा जायचा," ही आईची एकच धास्ती. आणि मांडी डोळ्यांदेखत वाळत गेली. दोन्ही मांड्यांना शिंप्याची टेप लावली तेव्हा फरक बघून आईच घाबरली. गुडघ्यात पाणी साचलं की मांडीचा पुढचा स्नायू जणू बंद पडतो. तुम्ही आवळायचं म्हटलं तरी आवळत नाही. त्यात झोपून राहिलं की दोन आठवड्यांतच ताकद घटते. मला परभणीच्या फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या त्या या वेळी. त्यांनी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायला लावली आणि म्हणाल्या, "गुडघा खाली दाब, मांडी आवळ, पाच मोज, सोड." हे इतकं किरकोळ वाटतं की माणूस टाळतो. शस्त्रक्रियेच्या आधी गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि सूज उतरलेली असेल तर नंतरचे महिने सोपे जातात. तारीख लांब असेल तर ती वाट पाहायची वेळ नसते, कामाची असते.

रोज परभणीला जाणं परवडत नाही. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी कुबड्या घेऊन बसची पायरी चढायची आणि चाळीसेक किलोमीटर हादरे खात जायचं, हा वेगळाच व्यायाम आहे. म्हणून ताईंनी ठराविक दिवशी बोलावलं, मधले व्यायाम वहीत लिहून दिले. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांनी हे मागून घ्यावं: कोणता व्यायाम, किती वेळा, आणि काय झालं की थांबायचं. माझ्या वहीतला थांबायचा नियम साधा होता. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याच्या वाटीभोवतीचं माप आदल्या दिवसापेक्षा वाढलं असेल तर काल जास्त झालं, आज कमी. टेप दहा रुपयांची, पण तिनं मला डॉक्टरांच्या पुढच्या तारखेपर्यंत अंधारात ठेवलं नाही.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात नसते. आपल्याकडं जेवण मांडी घालून, संडास उकिडवं बसून, आणि अंघोळ पाटावर. शस्त्रक्रियेनंतर बरेच आठवडे यातलं काहीच जमत नाही. कमोड नसेल तर मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आधीच तयार ठेवा, भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. लाजेनं पाणी कमी पिणाऱ्या, संडासला जायचं टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यानं बद्धकोष्ठ होतं, अंगात त्राण राहत नाही. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखायला लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं किंवा दम लागला तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते.

एक पाय जायबंदी म्हणजे अख्खं शरीर जायबंदी नव्हे, हे समजायला मला वेळ लागला. खुर्चीवर बसून हातांचे व्यायाम होतात. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलता येतात. चांगल्या पायाला काम दिलं तर त्याचा थोडा फायदा वाळलेल्या पायालाही मिळतो. मेंदूकडून येणारा हुकूम दोघांचा एकच, असं ताई सांगायच्या आणि हे शास्त्रानंही तपासलेलं आहे. पायाला परवानगी मिळाल्यावर सायकल: आधी उभी, मग नेमगिरीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, चढ टाळून. येलदरीच्या पाण्यात पोहायचं मात्र कुणी सुचवलं तर ऐकू नका. धरणात कुठं खोल, कुठं ओढ आहे ते कळत नाही, आणि अशा पायानं तर मुळीच नाही.

खाण्याबद्दल थोडं बोलते. बसून राहिल्यावर वजन वाढेल म्हणून मी जेवण निम्मं केलं होतं. ताईंनी ते बंद पाडलं. जखम भरायची आणि स्नायू टिकवायचा तर प्रथिनं कमी पडून चालत नाही. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण दीड ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला पंचाहत्तर. भाकरी-भाजीवर ते भरत नाही. तूर-हरभऱ्याची डाळ दोन्ही वेळा, शेंगदाणे, दूध-ताक, खात असाल तर अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम. आणि सोयाबीन. आमचा अख्खा परिसर सोयाबीन पिकवतो, पोत्यानं बाजार समितीत नेतो आणि स्वतः मात्र ताटात घेत नाही. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये पस्तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. भिजवून नीट शिजवलेलंच खा; कच्चं पचत नाही. पावडरचे डबे विकणारे भरपूर भेटतील, त्याआधी एवढं करून बघा.

मन खचतं ते मात्र गुडघ्यामुळं कमी, बोलण्यामुळं जास्त. "झालं आता भरतीचं. पाय मोडलेली पोरगी कोण घेतंय?" हे भरतीबद्दल आणि लग्नाबद्दल एकाच दमात बोललं गेलं. आत्यानं एका स्थळासमोर दुखापत लपवायचाही सल्ला दिला. धीर देणारेही होते, "तू करशील, जिद्द ठेव," पण खरं सांगते, तशा शब्दांनी माझ्यात काही हललं नाही. हललं ते आकड्यांनी. वहीत एक पान फक्त लेखीच्या सराव प्रश्नपत्रिकांचं केलं. 150 पैकी 100 गुण बसून मिळवायचे आहेत, आणि माझ्या बरोबरीच्या धावणाऱ्या पोरी संध्याकाळी पुस्तक उघडेपर्यंत झोपी जातात. गणित आणि बुद्धिमत्तेत मी याच काळात पुढं गेले. दुसरं पान मांडीच्या मापाचं. तिसरं, खुर्चीवरून एका पायानं किती वेळा उठता येतं त्याचं. आत्मविश्वास नावाचं काही असेल तर ते त्या पानांवर चढत होतं. ज्या आठवड्यात आकडा हलला नाही त्या आठवड्यात मी रडलेही, ते काही कुठं लिहिलेलं नाही.

मग तो काळ आला. शस्त्रक्रियेला चार-पाच महिने झालेले. चालणं सरळ, जॉगिंग सुरू, दुखत काहीच नाही. एका गावच्या यात्रेतल्या सामन्यांसाठी बोलावणं आलं. संघात एक जण कमी होती, बक्षीसही बरं होतं. कर्णधार म्हणाली, "नुसती पकडीला उभी राहा." मला स्वतःला जायचं होतं, अगदी मनापासून. ताईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि म्हणाल्या, "चांगल्या पायावर एक लंगडी उडी मार. आता दुसऱ्यावर." चांगला पाय जिथं पोचला त्याच्या बऱ्याच अलीकडं दुसरा पडला, आणि उतरताना गुडघा पुन्हा आतच वळला. सामन्यात ज्यानं घात केला तोच वळसा, फक्त या वेळी दुखलं नाही.

आतली नवी दोरी रुजायला वेळ घेते. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती उलट आधीपेक्षा कमजोर होते, मग हळूहळू शरीर तिला आपलीशी करतं. तुम्हाला आतून ते कळत नाही, कारण दोरीला कळा नसतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा खेळाडूंचा पाठपुरावा करून 2016 मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत कमी. दर महिन्यागणिक प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटत गेलं. म्हणून दोन्ही अटी लागतात. निदान नऊ महिने, आणि दुखऱ्या पायाची ताकद व उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर. नुसती तारीख पाहून जाऊ नका, नुसतं बरं वाटतंय म्हणूनही नको.

यावर पोरी कुस्तीगीर विनेश फोगटचं नाव काढतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत! खरं आहे. पण ते वर्ष मोजून बघा, आणि तिच्या मागं रोजचे फिजिओ, प्रशिक्षक, आहाराचं माणूस होतं तेही मोजा. मला आपल्या मराठवाड्याचं उदाहरण जास्त पटतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे. 2018 ला घोट्याच्या दुखापतीनं त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं स्टीपलचेसमधला 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि 2023 ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण घेतलं. हुकलेली स्पर्धा पाच वर्षांनी हातात आली. 2025 च्या जुलैत मोनॅकोला त्याचाही गुडघा गेला आणि शस्त्रक्रिया झाली. एवढ्या मोठ्या धावपटूलाही तेच महिने काढावे लागतात.

भरतीच्या पोरा-पोरींना गुडघ्यापेक्षा नडगी जास्त छळते. डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि जाहिरात निघाल्यावर एकदम दुप्पट केलेलं धावणं. नडगीच्या कडेला सगळीकडं दुखत असेल तर अंतर कमी करा, मातीवर धावा, पोटरीची ताकद वाढवा. पण एका बोटाच्या जागेवर दाबलं की कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा वेदनेची गोळी खाऊन धावू नका. अशा हाडाचा पुढं तुकडा पडू शकतो आणि मग वर्ष जातं.

इंजेक्शनबद्दलही तेच. मैदानी चाचणीच्या सकाळी कुणी इंजेक्शन घ्यायला सांगितलं तर ते तुमचं दुखणं झाकतं, दुखापत नव्हे. आणि गुडघ्याला घालायची रबरी पट्टी ऊब देते, तुटलेल्या दोरीचं काम करत नाही. ती घातली म्हणून चढाईला गेलेली एक मुलगी मला माहीत आहे. तिची गुडघ्याची गादीही फाटली.

आमच्या संघात आता सरावाआधी पंधरा मिनिटं उतरायचं शिकणं असतं: उडी मारून दोन्ही पायांवर, मग एका पायावर, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. फुटबॉलवाल्यांनी असा सराव 2006 पासूनच चालवलेला आहे आणि त्यानं दुखापती कमी होतात हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. सर आधी कुरकुरले, म्हणाले, "अगं, एवढ्या वेळात दोन डाव होतात." आता तेच शिटी घेऊन उभे असतात आणि कुणाचा गुडघा आत वळला की नाव घेऊन ओरडतात. गेल्या आठवड्यात माझंच नाव घेतलं.